खोकल्याच्या बाटलीची बातमी

(वस्तीच्या बातम्यांची वेबसाइट चालवणाऱ्या ताईंचं घर. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप. समोर कोपऱ्यावरचा औषध दुकानदार.)

दुकानदार : ही बिलाची माझ्याकडची प्रत. तुमच्या फोटोतल्या बाटलीवर जो बॅच नंबर आहे ना, तोच इथे आहे बघा. तारीख दोन वर्षांपूर्वीची. तेव्हा मुदत संपायला चांगलं वर्षभर बाकी होतं.

ताई : म्हणजे बाटली फोटो पाठवणाऱ्याच्याच घरात पडून होती.

दुकानदार : आणि तुम्ही टाकलंत की मी मुदत संपलेलं औषध विकतो. तीन दिवस झाले, दुकानात चिटपाखरू फिरकलेलं नाही.

ताई : चूक माझी आहे. आत्ता काढून टाकते ती बातमी.

दुकानदार : काढू नका. काढलीत तर लोक म्हणतील, यानं दम दिला असणार.

ताई : तेही खरंच.

दुकानदार : मला आधी विचारलं का नाहीत? दुकान तुमच्या फाटकापासून पन्नास पावलांवर.

ताई : फोटो इतका स्पष्ट होता, की विचारायचं सुचलंच नाही. आम्ही काही मुरलेले पत्रकार नाही हो. पेपरवाल्यांनी इथलं छापणं बंद केलं, म्हणून शेजारीपाजारी मिळून लिहायला लागलो. तुंबलेलं गटार, बंद पडलेली लिफ्ट, असलंच.

दुकानदार : गटाराला घरी जाऊन लेकीला तोंड दाखवायचं नसतं, ताई.

ताई : काय म्हणाली ती?

दुकानदार : शाळेला जाताना रोज दुकानात डोकावायची, ते बंद केलं.

ताई : दुरुस्ती सगळ्यात वर घालते. बिलाच्या फोटोसकट. मी न विचारता टाकलं, हेही लिहिते.

दुकानदार : लिहा. आणि त्याखाली माझ्या दोन ओळी. तुमच्याकडे कुणीही लिहू शकतं ना?

ताई : कुणीही. सांगा, मी टाइप करते.

दुकानदार : 'घरातली जुनी औषधं दुकानात घेऊन या. मुदत तपासून देईन. पैसे पडणार नाहीत.'

ताई : एवढंच? रागाचं काहीच नाही?

दुकानदार : राग तुमच्यावर आहे. तो तोंडावर सांगून झाला.

ताई : बरं. खाली नाव?

दुकानदार : पूर्ण घाला, पाटीवर आहे तसं. फोटो पाठवणाऱ्यानं घातलं होतं का?

ताई : नाही. आणि मी मागितलंही नव्हतं.