तुतीचं खोड

मूर्तीवरचं तेल अजून सुकलेलं नाही, म्हणून म्हटलं हात नको — डोळे भरून बघा की. माणूस झाडाला मिठी मारून बसलाय, आणि मिठी इतकी घट्ट की बोटं सालीत रुतलीत, खोड मधेच आवळलं गेलंय — हो, प्रेमच आहे ते, प्रेमानंच जीव घेतोय तो झाडाचा. संग्रहालयाच्या पत्रकात तसंच छापा. लाकूड? तुतीचं. आमच्याच अंगणातलं. वादळात पडलं — फॉर्मवर लिहिलंय ना मी? मग झालं तर.

वाकून काय बघताय? बुंध्याचा काप. सरळ आहे, हो. तीस वर्षं पटाशी चालवतेय, उन्मळलेल्या झाडाला मुळं असतात एवढं मलाही कळतं. असं बघू नका बाई माझ्याकडे. करवतवाला बोलावला होता, दोन तासांत आडवं केलं त्यानं. तसं मरायलाच टेकलं होतं ते — नाही, तेही खरं नाही. फळांनी लगडलेलं होतं, अंगण नुसतं जांभळं झालं होतं. पण असं खोड विकत मिळतं का कुठे? वर्षभर खिडकीतून बघत होते मी त्याच्याकडे, आणि मला त्यात हा माणूस दिसायचा — झाड दिसेनासंच झालं होतं.

ताई तेव्हा इस्पितळात. माझी थोरली बहीण, वर राहते. झाड तिनं लावलेलं, त्यावरची पाखरंही तिचीच म्हणा ना. खुब्याचं ऑपरेशन होतं. मी रोज डबा घेऊन जायचे, ती विचारायची, तुती पिकली का गं? मी म्हणायचे, पिकली. पहिले चार दिवस खोटं नव्हतं ते. घरी आणलं, तर टॅक्सीतून उतरून नुसती उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. चार महिने झाले, माझ्याशी एक शब्द नाही. मी ताट दाराशी ठेवते, रिकामं उचलते. आणि ह्या मूर्तीतल्या माणसाचा चेहरा — घासून पुसट केलाय मी, नाहीतर कोणीही मला ओळखलं असतं.

हे छापू नका. किंवा — थांबा. ऐकलंत? जिन्यावर पाय वाजतोय. एकेक पायरी उतरतेय ती. खाली येत नाही हो कधी. उद्या मूर्ती न्यायला ट्रक येणार, कळलं असेल तिला. तुम्ही निघा आता, मागच्या दारानं निघा — नाही, ते कापड राहू द्या. झाकू नका त्याला. जा म्हणते ना.