दहा नावं

घशाच्या डॉक्टरांकडे माझा नंबर त्या दोघा भावंडांनंतर होता. पांढऱ्या केसांची पोनी बांधलेला तो गायक पोस्टरांवरून ओळखीचा होता. सोबत त्याची थोरली बहीण होती.

"ताई, सातवं नाव पुन्हा गेलं."

"डॉक्टरांनी बोलू नकोस म्हटलंय ना?"

"संध्याकाळी कारखान्याच्या फाटकापुढे गायचंय गं."

"जन्मभर स्टेजवर बेंबीच्या देठापासून ओरडलास, तेव्हा कधी घाबरला नाहीस."

"तेव्हा मागे ड्रम होते. आता एकटी गिटार, आपल्या आईची ती संथ चाल, थोडा ब्लूजचा सूर आणि स्फोटात गेलेल्या दहा जणांची नावं. लपायला जागाच नाही."

"मग कागद ठेव समोर."

"गेलेल्यांची नावं काय कागदात बघून घ्यायची?"

"बरं बाबा. पूर्वी शब्द विसरलास की काय करायचास?"

"माईक लोकांपुढे धरायचो. हजारो पोरं गायची. कुणाला पत्ताही लागायचा नाही."

"मग आजही धर. पहिल्या रांगेत त्या दहा जणांच्या बायका असतील. त्यांना सगळी नावं पाठ आहेत."

"सातव्याची बायको काल तालमीला आली होती. माझ्याकडून त्याचं नाव गळलं."

"रागावली का?"

"ती एकेका नावाला एकेक बोट मिटत होती. गाणं संपलं, ताई, आणि तिचं एक बोट तसंच उघडं राहिलं."