बांधावरचा वेल

फर्दापूरच्या थांब्यावर संभाजीनगरच्या एसटीची वाट बघत दोघी भाजीवाल्या माझ्यापुढं उभ्या होत्या. एक म्हातारी, एक तिच्या शेजारची सून.

"आवडामावशी, औंदा पाटीत कर्टुली नायत?"

"नाय गं मेघा. भेंडीच तेवढी."

"वेल जळाले का?"

"जळत्यात कशाला? बांधभर पसरलेत. फुलं बी लई. पण फुलाखालचं बारकं कर्टुलं पिवळं पडतंय आन् गळतंय."

"दरसाल असंच व्हतंय?"

"नाय, औंदाच."

"बांधावरचं काय काढलं का तुमी?"

"एक वांझ वेल काढला, मिरगाच्या आधी, गड्ड्यासकट. जन्मात एक कर्टुलं दिलं नाय त्यानं. तुझे काका हात लावू देत नव्हते. ते गेले, म्हणलं आता कोण अडवतंय."

"काका काय करायचे त्या वेलाचं?"

"तिन्हीसांजेला त्याची फुलं खुडायचे आन् दुसऱ्या वेलांच्या फुलांना एकेक टेकवायचे. येडे चाळे नुसते."

"मावशी, तो नर वेल व्हता. माझ्या बापानं बी एक राखलाय. त्याच्याबिगर बाकीचे वेल फळ धरत नायत."

"मग त्यांनी सांगायचं नाय का मला?"

"तुमी इचारलं व्हतं?"

"इचारलं नाय. हसायचे मी."

"गाडी आली. द्या पाटी वर."

"तू जा. मी माघारी जाते. गड्डा उकिरड्यावर फेकलाय. जिता असंल अजून."