साधारण डॉक्टरानं काय केलं असतं?

हसा लेको, पण त्या दिवशी लातूरच्या कोर्टात माझीच केस उभी होती. जिल्हा नुकताच नवा झालेला, वर दुष्काळ. उदगीरच्या दवाखान्यात मी अर्ध्या घागरीच्या पाण्यात जखम धुऊन एकाचा पाय शिवला. पाय पिकला, अन् त्या पेशंटनं माझ्यावर दावा ठोकला.

माझे वकील म्हणाले, "डॉक्टरसाब, तुमच्या जागी साधारण डॉक्टरानं काय केलं असतं, कोर्ट एवढंच बघतं."

पेशंटच्या बाजूनं साक्षीला आमच्याच गल्लीतले दुसरे डॉक्टर. म्हणाले, "मी भरपूर पाण्यानं धुतलं असतं."

जज्जसाहेबांनी विचारलं, "होतं तेवढं पाणी?"

"न्हाई साहेब. म्हणून तर दवाखाना बंद ठेवला होता. पेशंट आधी माझ्याच दारात आला होता."

माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात जज्जसाहेब लिहिता लिहिता पुटपुटले, "म्हणजे साधारण डॉक्टर दवाखाना बंद ठेवतो."