भिंतीपलीकडची पिंपं

रक्ततपासणीच्या खोलीबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर, रंगाच्या बंद कारखान्यातले दोन जुने कामगार बसले होते.

"कारखान्याची जमीन साफ करायला सरकारने पैसा दिलाय म्हणे."

"हो. मला लावलंय कामावर."

"या वयात, दादा?"

"विषारी गाळाची पिंपं कुठे पुरलीत, ते मलाच ठाऊक. मालक जागा दाखवायचा, मी खणायचो."

"मग दाखवल्यात सगळ्या जागा?"

"भिंतीपलीकडची एक राहिलीय. तिथे आता लेकीचं घर आहे."

"आणि तुम्ही बांधू दिलंत?"

"जावयाने जागा घेतल्यावर मला कळलं. मग बोलायचं राहूनच गेलं."

"तिला अजून माहीत नाही?"

"आत रक्त देतेय. या महिन्यात तिसऱ्यांदा."

दार उघडलं. कोपरावर कापूस दाबत ती बाहेर आली.

"चला बाबा, झालं."

"बस जरा. तुझ्या घराचं बोलायचंय."