मी तुनी माय नही

मी साक्रीकडची. आईबाप दुसऱ्याच्या शेतात राबायचे, मी लहान होते तेव्हाच बठ्ठ्या घराचा बाप्तिस्मा झाला, आणि मंग मले धुळ्याच्या वसतिगृहात धाडलं शिकायले, पण आपलं डोकं काही पुस्तकात चाललं नही, तर तिथल्याच स्वयंपाकघरात लागले आणि केस पिकेपर्यंत तिथेच राहिले. तिथे रूथबाई म्हणून एक म्हातारी होती, बठ्ठ्या स्वयंपाकघराची मालकीणच म्हणा, तिनं मले विश्वास शिकवला. कसा शिकवला, तर पळीनं. पीठ मळता मळता प्रार्थना म्हणायची आणि मध्ये कोणाची चहाडी केली की बोटांवर पळी बसायची. म्हणायची, ज्या तोंडानं देवाचं नाव घेतलंस त्याच तोंडानं शेजारणीले नावं ठेवतेस का. मले तिचा असा राग यायचा, काय सांगू तुमले. पण ती गेली तेव्हा सख्ख्या आईसाठी रडले नही इतकी मी तिच्यासाठी रडले.

आता पाचोऱ्याले पोराकडे असते. अठे आमच्या चर्चच्या मंडळीत पाळकसाहेबांनी नवीन काढलं, एकेका म्हातारीकडे एकेक नवी विश्वासी बाई सोपवायची आणि तिनं तिले चालीरीत शिकवायची. मले सुनंदा दिली. नवरा जिनिंगमध्ये कामाले, दोघं बरोबरच विश्वासात आले, तिचं माहेर अठून भडगावच्या रस्त्याले एका खेड्यात शे. पोरगी गरीब, पण ज्यानं जे सांगितलं ते खरं मानणारी. असल्या माणसाची मले भीतीच वाटते. गल्लीतल्या बाया मले तोंडावर म्हणतात, अक्का तुम्ही पोरी बाटवता. मी म्हणते, तुमच्या सुना मोबाईल बघून बाटल्या, त्यांच्याकडे बघा आधी.

तर मले सोपवली त्याच साली तिचा बाप वारला. आणि मंग आखाजी आली, तुमची अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात आखाजीले लेक माहेरी आली नही तर आईले घास उतरत नही, आणि त्यात बाप गेल्यावरची ही पहिली आखाजी, बापाच्या नावानं घागर भरायची, बठ्ठे भाऊबंद जेवायला. भाऊ मुराळी म्हणून न्यायला आला. हिची रडारड, कारण आमच्या मंडळीत एक ब्रदर शे, शास्त्र शिकून आलेला, नुकती मिसरूड फुटलेली, त्यानं तरुण बायांच्या सभेत सांगून टाकलं होतं, आखाजीले जो जाईल त्यानं प्रभुभोजनाले, चर्चमधल्या भाकरी-द्राक्षरसाले, हात लावू नये. उचलली जीभ लावली टाळ्याले. त्याची आई त्याच्याच घरात राहते, त्याले काय माहीत. मी सुनंदाले म्हटलं, जाय. घागरीच्या पाया नको पडू, पण आईच्या पाया पड. ती रांडमुंड झाली शे, तिच्या मांडीले मांडी लावून बस.

गेली. आणि काय केलं असेल पोरीनं? ब्रदरच्या धाकानं, घागरीपुढच्या नैवेद्याचं खायले नको म्हणून, पिशवीत आपला डबा घेऊन गेली. आईनं गुडघे दुखत असताना पहाटे उठून खापरावर पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या, बापाले आवडायच्या म्हणून, आणि भरल्या पंगतीत हिनं डबा उघडून चपाती आणि बटाट्याची भाजी काढली. बठ्ठी पंगत बघत राहिली. आई म्हणे, मना हातनं खात नही, मंग उनी कसाले, आली कशाले? भावानं पिशवी उचलून रस्त्यावर ठेवली.

अहो, घागरीपुढचं नको तर नको. चूल पेटलेली होती, तव्यावरची एक भाकर मागायची होती, आईनं हसत दिली असती. रूथबाई असती तर हिले नही, त्या ब्रदरले पळी मारली असती. मी रविवारी उपासना सुटल्यावर त्याले धरलं. म्हटलं, आईचा मान ठेवायचं वचन तुझ्या पुस्तकातून फाटलं का रे? तो म्हणतो, अक्का, तुमच्या पिढीनं तडजोड केली. मी म्हटलं, आमच्या पिढीनं तुझं ढुंगण धुतलं. पाळकसाहेब मध्ये पडले. तेव्हापासून तो मले जय ख्रिस्त करत नही, मीही करत नही. मले त्याचा राग शे आणि मी तो लपवत नही, देवालेही सांगितलं शे.

मंग मी सुनंदाले घेऊन तिच्या माहेरी गेले. आई उंबऱ्यात उभी. मले म्हणे, तूच का ती बाटवणारी? मनी पोरगी मारली तू. तिच्या कपाळाकडे मले बघवत नव्हतं. माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला, पाहुणीले पाणी तर दिलंच पाहिजे, पण पोरीपुढं नही ठेवला. मी तो प्याले नही. तशाच परत आलो.

येताना गाडीत पोरगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणे, अक्का, आते तूच मनी माय. काय सांगू, मले असा संताप आला. म्हटलं, मी तुनी माय नही. तुनी माय जिती शे. मले देवानं तुले शिकवायले ठेवलं, तिची जागा चोरायले नही. तिले वाटतं आम्ही तुले पळवलं, आणि तू मले माय म्हणशील तर ते खरंच होईल ना. जाय परत. घरात घेतलं नही तर पायरीवर बस. शिव्या दिल्या तर ऐक. प्रवचन करू नको, एक वचन तोंडातून काढू नको, नुसती बस.

आता ती नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी जाते. ब्रदर म्हणतो ती थंड पडली विश्वासात. पडू दे. भाऊ तिच्याशी बोलत नही, वहिनी अंगणातला केर मुद्दाम तिच्या अंगावर लोटते. आई मागल्या दारानं ये-जा करते. कित्येकदा गेली आणि तशीच आली, तरी मी धाडत राहिले. शेजारणी म्हणतात, अक्काचं काळीज दगडाचं.

मागल्या खेपेले दुपारी आई पुढच्या दारात आली, तांदूळ निवडायले बसली, हिच्याकडे पाठ करून. बऱ्याच वेळानं पाठमोरीच म्हणे, तठे ऊन शे, अठे सरक.

एवढंच. जेवायले वाढलं नही अजून, वाढेल का तेही मले माहीत नही. पोरगी हे सांगताना हसत होती, मी तिले दटावलं, म्हटलं पुढल्या खेपेले निवडायले तिच्या सुपात हात घाल, आणि हात धुऊन घाल. लिहायचं तर एवढं लिहा. आणि तुमची आई असेल जिती, तर तिच्याकडे जाऊन या.