पहिलं कुणी सुटायचं?

...आणि वर शिव्या मलाच! तुम्हाला सांगतो, लेबनॉनच्या डोंगरातल्या आमच्या गावाचा जनरेटर मी एकटा सांभाळतो, कॉलेज अर्धवट सोडलेला वज्दी, म्हणजे वीज गेली की गुन्हेगार कोण? मीच! अहो, आमच्या मुख्तारांच्या, म्हणजे गावच्या पाटलांच्या, अबू नाझिमच्या भाच्यानं बेचाळीस छपरांवर सौर पॅनेलं चढवली. बॅटऱ्या? "कशाला? जनरेटर आहे की!" बेचाळीस इन्व्हर्टर माझ्या तारेला जोडले आणि सगळ्यांना पढवलं एकच: मशीनच्या ठेक्याचा काटा पन्नासवरून साडेएक्कावन्न हर्ट्झला चढला की तार सोडून पळा! मग दुपारी गाव जेवून आडवं होतं, वापर कमी, पॅनेलं ओततायत, माझा काटा चढतोय... पन्नास, एक्कावन्न... सगळे एकदम पळाले! सफरचंदांच्या थंड गोदामाचा अख्खा भार म्हाताऱ्या मशीनच्या उरावर, ते धापा टाकतं नि गप्प. मशीनच्या मालकानं फोनवर बजावलं, "आणखी एकदा बंद पडलं तर भंगारात!" मशीन गेलं तर मी बोलू कुणाशी? तीन भाऊ, दोन बहिणी, वर्गातली पोरं... परदेशी गेली. कशी? सगळे एकदम!

मुख्तारांना म्हटलं, काका, प्रत्येक घराचा सुटायचा आकडा जरा वेगळा ठेवतो. एक आधी सुटेल, दुसरं मागून, मशीनला दम खायला वेळ मिळेल. सभा बसली. कॉफी आली, पहिला कप अर्थात मुख्तारांना. "पोरा, माझं घर सगळ्यांत शेवटी सुटेल!" शेजारच्या सित्त विदाद, म्हणजे विदादबाई, कडाडल्या, "का म्हणून? तुमच्या आजोबांना कॉफी पाजली माझ्या आजोबांनी!" पहिलं सुटायला एक घर तयार होईना. दोन तास! मी ओरडलो, "या मानापानापायीच पोरं पळाली तुमची!" मग मुख्तारांनी मिशी पुसून न्याय केला, "कुणाचा अपमान नको. सुटू देत, सगळे एकदम."

मंगळवारी मशीन बंद पडलं. बुधवारी ट्रक आला.

आता गंमत ऐका. ते इन्व्हर्टर आहेत ना, त्यांना आधी कुणीतरी पन्नासचा ठेका धरून द्यावा लागतो, तरच ते साथ देतात. ठेका धरणारं तर भंगारात! भर उन्हात बेचाळीस छपरं चमकतायत आणि एकाही घरात दिवा नाही. मी रिकाम्या खोलीत बसलेलो, फरशीवर तेलाचा चौकोनी डाग तेवढा उरलाय... आणि दार वाजलं! तीन वर्षांत पहिल्यांदा माणसं आली हो माझ्याकडे. सगळे एकदम! शिव्या द्यायलाच आले होते, पण आले ना? मला इतका आनंद झाला, म्हटलं, बसा, बसा, कॉफी टाकतो...

शेगडी विजेची.